घर पाहावं बांधून, पण आधी निळी रेघ पाहून

आमच्या देवघराखालच्या कपाटात, उदबत्त्यांच्या पुड्यांशेजारी, एक जाडजूड फाइल ठेवलेली आहे. सासूबाई पूजा झाली की तिलाही एक फूल वाहतात. थट्टेने वाहते असं त्या म्हणतात खऱ्या, पण एखादे दिवशी विसरल्या तर गुडघे दुखत असले तरी पुन्हा उठतात. ही आमच्या घराच्या परवान्याची फाइल. घराला विटा, वाळू, सिमेंट किती लागलं ते मला विचाराल तर धड सांगता यायचं नाही. पण या फाइलमधला कागद न् कागद कधी आला, कुणी अडवला आणि कसा सुटला, ते मी झोपेतसुद्धा सांगेन.

मैत्रिणींनो, 'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो. ही म्हण ज्याने केली त्याला बहुतेक गवंडी आणि सुतार यांचाच त्रास ठाऊक असावा. त्याच्या काळी गावच्या चार माणसांसमोर दोरी धरली की जागा ठरत असेल. आपल्या नशिबी मात्र पहिली वीट पडण्याआधीच वर्षभराचे फेरे असतात. आणि हे फेरे पुरुषांचे, असं आपण धरून चालतो. सात-बारा, नकाशा, नगरपालिका हे शब्द बाहेरच्या खोलीत निघाले की आपण पोहे करायला आत जातो. मीही जात असे. पोहे करता करता कान तेवढे बाहेर असायचे, एवढंच. ते कान बाहेर होते म्हणून आमचे कष्टाचे पैसे नदीत जायचे वाचले.

झालं असं. आम्ही कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेच्या गावात राहतो. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार, मुलं मोठी होत चाललेली, सासूबाईंना जिना चढवत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत यांचे एक मित्र एका माणसाला घेऊन आले. त्याच्याकडे गावाबाहेरचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकायला होते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे दोन गुंठ्यांत अंगण धरून घर ऐसपैस बसतं. भावही शेजारच्या वसाहतीच्या निम्मा. आम्ही चौघं जाऊन पाहून आलो. हिरवंगार रान, समोर ऊस, वाऱ्याची झुळूक, लांब नदीची चकाकती कड. सासूबाई म्हणाल्या, "काशीला आल्यासारखं वाटतंय गं." झालं! यांनी तिथल्या तिथे एकवीस हजार रुपये इसार देऊन टाकला. पावती म्हणून एक वहीचा कागद मिळाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ही बातमी शाळेत सांगितली. (मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते.) सगळ्यांनी पेढे मागितले. आमच्या शिवणाच्या बाई तेवढ्या गप्प होत्या. सुट्टी संपताना हळूच म्हणाल्या, "जागा छान आहे हो. पण एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं, ते विचारलंत का?"

२०१९ चा ऑगस्ट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. बाईंचं घर पहिल्या पुरात आठ दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर भिंती पोटरीएवढ्या उंचीपासून फुगून आलेल्या. दुरुस्तीला कर्ज काढावं म्हणून बँकेत गेल्या, तर बँकेने मंजूर नकाशा मागितला. "आमच्याकडे वीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या," त्या म्हणाल्या, "लाइटची बिलं होती, नळाचं कनेक्शन होतं. मला वाटत होतं, नगरपालिका कर घेते म्हणजे घर कायदेशीरच असणार. साहेबांनी सगळ्या पावत्या नीट गोळा करून माझ्या हातात परत दिल्या."

हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा, बरं का. घरपट्टी भरली म्हणजे बांधकामाला परवानगी मिळाली असं होत नाही. बांधकाम अनधिकृत असलं तरी कर लागतोच. उलट त्यावर शास्ती म्हणून कराच्या दुपटीइतकी रक्कम लागू शकते, आणि ती भरूनही घर अधिकृत होत नाही ते नाहीच.

संध्याकाळी मी यांच्याजवळ विषय काढला. "तुला काय कळतंय त्यातलं?" असं हे काही म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होतं. मधल्या माणसाला फोन लावला. त्याचं उत्तर तयार होतं : "वहिनी, काळजी सोडा. सात-बारावर नाव लागणार, खरेदीखत होणार, आणि पुढे गुंठेवारीत सगळं रेग्युलर होऊन जातं." 'गुंठेवारी' हा शब्द तो असा उच्चारत होता की जणू आजारावरचं औषधच! म्हणून त्याबद्दल दोन शब्द सांगते. शेतजमिनीचे तुकडे पाडून परवानगीशिवाय वसलेल्या वस्त्या नियमित करायला २००१ साली महाराष्ट्रात कायदा झाला. २०२१ साली त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. म्हणजे त्या तारखेआधी जे झालं, त्याच्यावर पांघरूण घालायची सोय. आम्हाला दाखवलेले तुकडे २०२२ च्या संक्रांतीला पाडलेले. चुन्याच्या रेघा ओल्या होत्या हो! शिवाय शेतजमिनीचे लहान तुकडे करून विकायला १९४७ सालचा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. त्यात अलीकडे सवलती दिल्या गेल्या, त्या पूर्वी झालेल्या व्यवहारांसाठी. उद्या कुणी तुम्हाला नवा तुकडा विकेल त्याच्यासाठी नव्हेत.

शिवणाच्या बाईंनी मला दोन कागदांची नावं लिहून दिली होती : झोन दाखला आणि भाग नकाशा. हे दोन्ही नगरपालिकेच्या नगररचना विभागात मिळतात. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, सात-बारा, एक अर्ज आणि थोडीशी फी, एवढंच लागतं. जागा आपल्या नावावर असायला हवी असंही नाही. घेण्याआधीच तर हे कागद पाहायचे! आपली जागा विकास योजनेत रहिवासी भागात आहे, शेतीत आहे, की तिच्यावर शाळा, बाग, रस्ता यांचं आरक्षण आहे, ते झोन दाखल्यात लिहून मिळतं. भाग नकाशा म्हणजे गावाच्या त्या मोठ्या नकाशातला आपल्या जागेपुरता तुकडा. नगरपालिकेत आत गेल्यावर भिंतीवर एक फलक असतो. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा ते त्यावर लिहिलेलं असतं. २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा आला, तेव्हापासून हे फलक लागले. आधी तो वाचा आणि मग खिडकीपाशी जा. बोलण्यात जरा वजन येतं.

मी शाळा सुटल्यावर गेले. हे ऑफिसात होते. खिडकीवरच्या तरुण मुलाने नंबर पाहिला, आत जाऊन नकाशा आणला आणि टेबलावर पसरला. त्यावर नदीला समांतर दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल. त्याने पेन्सिलीचं टोक आमच्या गटावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, घेतलाय का?" मी म्हटलं, "इसार दिलाय." तो म्हणाला, "मग अजून वेळ गेलेली नाही."

ही निळी रेघ म्हणजे पूररेषा. पाटबंधारे खातं ती आखतं. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथे निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथवर जातो तिथे लाल. निळ्या रेघेच्या आत, नदीच्या अंगाला, नवं घर बांधायला परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेघेच्या मधल्या पट्ट्यात मिळू शकते, पण जोतं लाल रेघेच्या पाण्याच्या पातळीपेक्षाही वर, निदान एक हात म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर उचलावं लागतं. ते उचलायला लागणाऱ्या मुरमाचा आणि दगडाचा खर्च धरला तर स्वस्त प्लॉट स्वस्त राहत नाही. आमचा तुकडा सरळ निळ्याच्या आत होता. उन्हाळ्यात पाहिलेली ती वाऱ्याची झुळूक आणि नदीची चकाकती कड आठवून माझ्या अंगावर काटा आला. सासूबाई म्हणाल्या होत्या तेच खरं, काशीच ती! फक्त आम्ही जिवंतपणी राहायला निघालो होतो.

इसाराचे एकवीस हजार परत मिळवायला चार महिने लागले, आणि मिळाले अकराच. बाकीचे दहा हजार फी समजायचे. त्या वहीच्या कागदावर 'परवानगी न मिळाल्यास इसार परत' एवढी ओळ असती तर तेही वाचले असते. साधी स्टँपपेपरवर ओळ! पण तेव्हा मी पोहे करत होते.

कागद वाचताना

दुसरा प्लॉट मिळायला वर्ष गेलं. हा मंजूर ले-आउटमधला, बिनशेती झालेला, सतराशे चौरस फुटांचा. महाग पडला. माझ्या पाटल्या आणि यांचा प्रॉव्हिडंट फंड त्यात गेला. या वेळी मात्र एकही कागद मी न वाचता सोडला नाही. मैत्रिणींनो, सात-बारा वाचणं भरतकामाचा नमुना वाचण्याइतकंच अवघड आहे, जास्त नाही. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या पंधरा रुपयांत निघतो. मालकाचं नाव तर सगळेच पाहतात. तुम्ही दोन ठिकाणी बोट ठेवा. 'भोगवटादार वर्ग १' लिहिलंय की 'वर्ग २'? वर्ग दोनची जमीन विकायला सरकारची परवानगी लागते. आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय आहे? तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम, काहीही दडलेलं असतं. विकणारा माणूस हा रकाना अंगठ्याखाली धरूनच उतारा दाखवतो, असा माझा अनुभव आहे.

'एन. ए. आहे' असं तोंडी कुणीही सांगतं. तुम्ही आदेशाची प्रत मागा, त्याच्याबरोबरचा मंजूर ले-आउटचा नकाशा मागा आणि त्यात आपल्या प्लॉटचा नंबर शोधा. ले-आउटमध्ये बागेसाठी मोकळी ठेवलेली जागा असते. तीसुद्धा नंबर घालून विकणारे महाभाग आहेत. बिनशेतीचे नियम मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत इतक्या वेळा बदलले आणि सैल झाले, की 'आमच्या मामांनी २०१० साली असं केलं होतं' हा सल्ला कुणाचाही ऐकू नका. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी तहसील कचेरीत विचारा.

आता नावाची गोष्ट. खरेदीखत कुणाच्या नावावर करायचं हा प्रश्नच आमच्याकडे कुणाला पडला नव्हता. मीच विचारलं. मोठे दीर हसून म्हणाले, "घर काय वेगळं आहे का तुमचं? नाव कुणाचं का असेना." मी म्हटलं, "कुणाचंही चालेल ना? मग माझंही चालेल." बाहेरच्या खोलीत क्षणभर सगळे गप्प झाले. सासूबाई आतून म्हणाल्या, "तिच्या पाटल्या गेल्यात. लिवा तिचं नाव." त्यांचा शब्द खाली पडत नाही, म्हणून दोघांचं नाव लागलं.

पण गंमत पुढेच! माझ्या बी. ए.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पॅन कार्डावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं नाव, बँकेत सासरचं नाव पण आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. रजिस्ट्रारच्या ऑफिसात त्या कागदांवर तीन बायका उभ्या होत्या, मी एकटी. पॅन दुरुस्त करायला लग्नाचं प्रमाणपत्र हवं. लग्न सतरा वर्षांपूर्वी झालेलं, नोंदणी कुणी केली होती? ती करायला लग्नपत्रिका हवी. पत्रिका माहेरी आईच्या ट्रंकेत सापडली, हळदीच्या डागासकट. महिनाभर गेला त्यात. तुम्हाला घर बांधायचं नसलं तरी एवढं एक काम आजच काढा, आपली सगळी कार्डं एका ओळीत मांडा आणि नावं जुळतात का पाहा.

इथेच सांगून टाकते. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, असं तुम्ही ऐकलं असेल. ही सवलत २०२१ च्या एप्रिलपासून आली आहे ती तयार घर, फ्लॅट असं काही एकट्या बाईच्या नावावर घेण्यासाठी. नवऱ्याबरोबर नाव लावलं तर ती मिळत नाही, आणि नुसत्या प्लॉटलाही नाही. म्हणून आम्हाला तिचा उपयोग झाला नाही. माझं नाव लागलं त्याचा उपयोग झाला तो निराळाच : दोघं मालक म्हटल्यावर परवान्याच्या प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या लागू लागल्या. माझ्या सहीवाचून काही हलेना, आणि मग आपोआपच मला सगळं समजावून सांगणं भाग पडलं!

नकाशा आणि आग्नेय दिशा

परवानगीसाठी अर्ज आपण स्वतः हाताने नेऊन द्यायचे दिवस गेले. नोंदणी झालेला आर्किटेक्ट किंवा इंजिनियर लागतो. तो नकाशा काढून संगणकावरून पाठवतो. म्हणून या माणसाची निवड आपल्या डॉक्टरइतकी जपून करा. 'सगळं मॅनेज करतो' म्हणणारा नको. आमचे इंजिनियर पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, भूमी अभिलेखची मोजणी झाल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही." मला राग आला होता. मोजणीची फी, तारीख मिळेपर्यंतची वाट, सगळा उशीरच. पण मोजणीत निघालं काय, तर शेजाऱ्याचं तारेचं कुंपण आमच्या बाजूला दोन फूट सरकलेलं. तंटा न होता ते मागे गेलं, कारण अजून कुणाची भिंत उभी नव्हती. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत जपून ठेवा, ती सारखी लागते.

मग नकाशा. चार बाजूंनी किती जागा मोकळी सोडायची, उंची किती, बांधकाम किती फूट, हे नियमाने ठरतं. २०२० च्या डिसेंबरापासून मुंबई आणि आणखी काही ठिकाणं सोडली तर साऱ्या महाराष्ट्राला एकच नियमावली लागू झाली आहे. इंजिनियर त्या नियमात घर बसवत होते आणि सासूबाई वास्तुशास्त्रात. स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं. आग्नेयेला इंजिनियरांचा जिना होता. जिना हलवला तर संडास ईशान्येला जाई, म्हणजे तर अब्रह्मण्यम्! नकाशा सहा वेळा बदलला. सहाव्यांदा इंजिनियर सासूबाईंना म्हणाले, "आजी, आमच्या कॉम्प्युटरला दिशा कळत नाहीत, अंतरं कळतात." सासूबाई म्हणाल्या, "मग त्याला काय घर कळणार?" शेवटी देवघर ईशान्येला देऊन तह झाला.

याच नियमावलीत लहान प्लॉटवाल्यांसाठी एक चांगली सोय आहे. मंजूर ले-आउटमधला प्लॉट दीडशे चौरस मीटरपर्यंतचा असेल, तर नियमाप्रमाणे नकाशा दाखल करून फी भरल्याची पावती हीच परवानगी. दीडशेच्या पुढे तीनशेपर्यंत असेल तर दहा दिवसांत परवानगी द्यायची. आमचा प्लॉट निघाला एकशे अठ्ठावन्न. आठ मीटरांनी हुकलो! बरं, दहा दिवस म्हटले तरी आम्हाला लागले सात आठवडे. सगळा दोष ऑफिसला देणार नाही. पहिलं त्रुटीपत्र आलं ते माझ्या त्याच तीन नावांपायी. दुसऱ्यांदा मात्र फाइल 'साहेबांच्या टेबलावर' जाऊन बसली ती उठेचना. हे दर सोमवारी अर्धी रजा टाकून जायचे आणि 'बघू, सांगतो' ऐकून यायचे. कुणीतरी चहापाण्याचंही सुचवलं. मी एका साध्या कागदावर लिहून दिलं, अमुक तारखेला त्रुटी पूर्ण केली, पुढील कार्यवाही कळवावी, आणि आवक बारनिशीत देऊन शिक्क्याची पोहोच घेतली. पाठोपाठ आणखी एक. तिसऱ्या पोहोचीनंतर फाइल खाली आली. तोंडी चौकशीची कुठेच नोंद राहत नाही. शिक्का मारलेल्या कागदाला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. साठ दिवस उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, हेही कायद्यात आहे खरं. पण ते नियमात बसणाऱ्या नकाशापुरतंच, आणि बसतो की नाही हे ठरवणार कोण? त्या भरवशावर पाया खणू नका.

पैशांची तयारी ठेवा तीही या वेळी. छाननी शुल्क, विकास शुल्क, अनामत रक्कम, आणि बांधकामाचा खर्च ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर बांधकाम कामगारांसाठीचा उपकर. घराचं अंदाजपत्रक करताना हे कुणीच धरत नाही. आम्हीही धरलं नव्हतं. गणपतीच्या आधी भरायचे होते, म्हणून त्या वर्षी मुलांना कपडे घेतले नाहीत. परवानगी एक वर्षाची असते. काम रखडलं तर दर वर्षी मुदतवाढ घेत एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. तीही आठवणीने मागावी लागते.

फ्रिजचा सव्वा फूट

आता माझी चूक सांगते. सांगायची नव्हती, पण हे म्हणाले, "लेख लिहितेस तर तेही लिही."

जोत्याची आखणी झाली, चर खणले, बांधकाम वर येऊ लागलं. मी रोज शाळेतून येता येता डोकावत असे. एक दिवस स्वयंपाकघराच्या चौकोनात उभी राहिले आणि मनाने फ्रिज ठेवून पाहिला. बसेना! ओटा, धुण्याचं मशीन आणि फ्रिज, मग मी कुठे उभी राहणार? नकाशात कागदावर खोली केवढी मोठी वाटत होती. मी मिस्त्रींना म्हटलं, "ही भिंत बाहेर सरकवा ना थोडी." ते भले गृहस्थ म्हणाले, "किती पाहिजे?" मी हात पसरून दाखवलं. त्यांनी सव्वा फूट सरकवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरात सगळ्या भिंती नकाशाने ठरवल्या, ही एक माझी.

जोतं पूर्ण झाल्यावर नकाशाप्रमाणे आहे का ते तपासतात आणि जोत्याचं प्रमाणपत्र मिळाल्यावरच पुढे जायचं असतं. आमचे इंजिनियर टेप घेऊन आले. स्वयंपाकघराच्या बाजूला थांबले. दोनदा मोजलं. मग टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मी सही करणार नाही." बाजूला मोकळी सोडायची जागा सव्वा फुटाने कमी झाली होती. मिस्त्री म्हणाले, "साहेब, या लायनीत सगळ्यांनीच काढलंय की बाहेर." हेही म्हणाले, "एवढं कोण बघतं?" मी तर रडायच्या बेतात. तेव्हा इंजिनियर माझ्याकडे वळले. "वहिनी, हे घर विकायला काढाल, त्यावर कर्ज घ्याल किंवा वर मुलासाठी मजला चढवाल, त्या दिवशी हा सव्वा फूट बाहेर येईल. शेजाऱ्याशी भांडण झालं तर त्याच्याही आधी." मला शिवणाच्या बाईंच्या हातातल्या परत आलेल्या पावत्या दिसल्या.

भिंत पाडली. अठरा हजार रुपये गेले आणि दोन आठवडे. फ्रिज शेवटी जिन्याखाली बसला. तिथे तो आतापर्यंत आहे, आणि भाजी आणायला मी दिवसातून वीस वेळा जिन्याखाली वाकते. म्हणून सांगते, नकाशावर सही करण्याआधी आपलं स्वयंपाकघर जमिनीवर खडूने आखून पाहा. गच्चीवर, अंगणात, कुठेही. त्यात ओट्याची, फ्रिजची, पाटा-वरवंट्याची जागा धरा, एक बाई दळण घेऊन आत येतेय आणि दुसरी गॅसपाशी उभी आहे असं करून पाहा. नकाशा बदलून घेणं तेव्हा फुकट असतं. पुढे काही बदलायचंच झालं तर सुधारित नकाशा मंजूर करून घेता येतो, पण आधी मंजुरी आणि मग गवंडी, हा क्रम.

घर उभं राहिलं की सगळ्यांना वास्तुशांतीची घाई होते. आम्हालाही झाली. पण भोगवटा प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मी कढई चढवू दिली नाही. आमच्या ओळीत बारा घरं आहेत. सहज विचारून पाहिलं, तर पाच जणांनीच हे प्रमाणपत्र घेतलेलं. बाकीच्यांचा नकाशा मंजूर आहे, घरंही चांगली आहेत, पण 'राहायला आलो, आता कशाला?' म्हणून शेवटचा अर्ज राहून गेला. त्यातल्या एका काकूंना घर विकून मुलाकडे पुण्याला जायचंय. गिऱ्हाईक दोनदा ठरलं आणि बँकेपाशी मोडलं. आता त्या वयाच्या सत्तरीत इंजिनियर शोधताहेत. ज्याने नकाशा काढला तो वारला.

२०२४ च्या मे महिन्यात आमचं भोगवटा प्रमाणपत्र आलं. त्यावर दोन नावं आहेत. वास्तुशांतीला शिवणाच्या बाई आल्या होत्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "तुमची ती फाइल दाखवा." देवघरापाशी बसून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. भाग नकाशावरच्या निळ्या रेघेवर बराच वेळ बोट ठेवून होत्या. त्यांचं घर त्या रेघेच्या आतच आहे. ते आता कुठे जात नाही. दर जुलैत त्या धान्याचे डबे माळ्यावर चढवतात आणि धरणातून किती पाणी सोडलं ते रेडिओवर ऐकत राहतात. पण त्यांच्या धाकट्या दिराने एक जागा पाहिली आहे, नदीकडेच, स्वस्तात. अजून इसार दिलेला नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी नगररचनेच्या खिडकीवर जाणार आहोत.